राखून ठेवलेले ठिपके

जानेवारी १९९२ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात येल विद्यापीठातल्या ॲक्सेल ब्रुंगर यांचा चार पानांचा एक लेख आला. प्रथिनांची रचना क्ष-किरणांनी शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना त्यांनी त्यात एक सूचना केली होती. महिनोन्‌महिने खपून मिळवलेल्या मोजमापांपैकी साधारण दहावा हिस्सा सुरुवातीलाच बाजूला काढा आणि रचना बेतताना त्याला हात लावू नका, अशी ती सूचना. प्रथिनाचा स्फटिक मिळवणंच मुळात जिकिरीचं. तो मिळाला तर त्यातून हाती येणारी मोजमापं नेहमीच अपुरी, आणि त्यांतलीही काही वापरायची नाहीत. सूचना पचायला जड होती. तरीही काही वर्षांतच या शास्त्राच्या जवळपास प्रत्येक शोधनिबंधात ती पाळल्याची नोंद दिसू लागली.

ही वेळ का आली, ते कळायला ऐंशी वर्षं मागं जावं लागतं.

अंदाज, हिशेब आणि ताळा

१९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाऊए यांच्या कल्पनेवरून वाल्टर फ्रीडरिश आणि पाउल क्निपिंग यांनी मोरचुदाच्या स्फटिकातून क्ष-किरणांचा झोत सोडला. पलीकडे ठेवलेल्या फोटोच्या काचेवर काळे ठिपके उमटले. स्फटिकातले अणू ओळीनं, थरांनी रचलेले असतात आणि त्या थरांवरून विखुरलेले किरण काही ठरावीक दिशांनाच एकमेकांना बळ देतात. तिथं ठिपका उमटतो. विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचा मुलगा विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी ठिपक्यांवरून उलट दिशेनं चालत अणूंच्या जागा काढून दाखवल्या. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोरीन कसे मांडलेले असतात, हे जगाला त्यातून कळलं. १९१५ चं नोबेल दोघांना मिळालं, तेव्हा लॉरेन्स अवघे २५ वर्षांचे होते.

उलट चालण्याच्या या वाटेत एक मोठा खड्डा होता, आणि आजही तो आहे. ठिपका किती गडद आहे, म्हणजे लहर किती जोरकस होती, एवढंच मोजता येतं. ती लहर इतर लहरींच्या तुलनेत किती पुढं किंवा मागं होती, तिची ‘कला’ काय होती, ही माहिती नोंदवलीच जात नाही. अणूंची जागा ठरवायला तर दोन्ही लागतात. त्यामुळं स्फटिकशास्त्रज्ञाला ठिपक्यांवरून थेट रेणू ‘दिसत’ नाही. तो आधी अणूंची एक मांडणी कल्पितो किंवा अप्रत्यक्ष मार्गांनी मिळवतो. मग ती मांडणी खरी असती तर प्रत्येक ठिपका किती गडद आला असता, याचा हिशेब करतो आणि तो प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहतो. फरक दिसला की अणू थोडे सरकवतो आणि पुन्हा हिशेब मांडतो. ताळा असा सुधारत नेण्याच्या कामाला शुद्धीकरण म्हणतात.

ताळा किती जमला हे सांगायला एक आकडा रूढ झाला, त्याचं नाव आर-फॅक्टर. प्रत्येक ठिपक्यासाठी मोजलेली आणि हिशेबानं आलेली लहरीची उंची घ्यायची, दोन्हींतला फरक काढायचा, सगळ्या फरकांची बेरीज करायची आणि तिला मोजलेल्या उंचींच्या बेरजेनं भागायचं. उत्तर शून्य आलं तर ताळा तंतोतंत. वीस टक्के आलं तर सरासरी पाचव्या हिश्शाची तफावत.

त्या काळात मोजमापांची अवस्था काय होती, हेही ध्यानात घ्यायला हवं. फिल्मवरचे ठिपके बहुतेकदा डोळ्यांनीच मोजले जात. वेगवेगळ्या गडदपणाच्या ठिपक्यांची एक पट्टी तयार करायची, ती फिल्मशेजारी धरायची आणि कोणत्या ठिपक्याशी जुळतं ते लिहायचं. हिशेब हातानं. अशा कामात एकच आकडा हाताशी असणं सोयीचं होतं, आणि हळूहळू तो प्रतिष्ठेचाही झाला. ज्याचा आर कमी, त्याची रचना बरी, असं मानलं जाऊ लागलं.

आर कमी म्हणजे किती कमी?

या प्रश्नाला पहिलं भक्कम उत्तर दिलं कार्डिफमधल्या ए. जे. सी. विल्सन यांनी, १९५० मध्ये. त्यांनी प्रश्न उलटा विचारला. अणू स्फटिकात कुठंही, अगदी वाटेल तसे भिरकावले तर आर किती येईल? संख्याशास्त्राच्या आधारानं आलेलं उत्तर असं: स्फटिकाला सममितीचं केंद्र असेल तर सुमारे ८३ टक्के, नसेल तर सुमारे ५९ टक्के. प्रथिनं दुसऱ्या प्रकारात मोडतात. म्हणजे प्रथिनाच्या बाबतीत शुद्ध अज्ञानाचा आर १०० नव्हे, ५९. तेव्हा चाळीस टक्क्यांवर समाधान मानणाऱ्यानं शून्यापासूनचं अंतर पाहण्याआधी ५९ पासूनचं अंतर पाहावं, असा त्याचा अर्थ होता. विल्सन यांच्या या संख्याशास्त्रीय वाटेवर पुढं मद्रास विद्यापीठात बरंच काम झालं. तिथल्या आर. श्रीनिवासन आणि एस. पार्थसारथी यांचा या विषयावरचा ग्रंथ १९७६ मध्ये निघाला.

दुसरी शंका वॉल्टर हॅमिल्टन यांची. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हॅमिल्टन यांनी १९६५ मध्ये दाखवलं की मांडणीत बदलता येण्याजोग्या राशी वाढवल्या की आर उतरणारच. ती उतरण खऱ्या सुधारणेची की नुसत्या जास्तीच्या मोकळीकीची, हे तपासायला त्यांनी एक संख्याशास्त्रीय कसोटी दिली. पुढच्या सगळ्या गोंधळाचं बीज त्यांनी इथंच ओळखलं होतं. याच हॅमिल्टन यांनी १९७१ मध्ये ब्रुकहेवनला प्रोटीन डेटा बँक उभी करण्यात पुढाकार घेतला. सुरुवातीला तिच्यात फक्त सात रचना होत्या.

लहान रेणूंच्या दुनियेत हा प्रश्न फारसा टोचत नव्हता. तिथं एकेका राशीमागं अनेक ठिपके मोजता येतात. पुरावा एवढा भरपूर असतो की चुकीची मांडणी आकड्याला फार काळ फसवू शकत नाही. आर पाच टक्क्यांच्या खाली येतो आणि रचना निर्विवाद ठरते.

प्रथिनांची अडचण

प्रथिनांचं तसं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजला जे. डी. बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढं हॉजकिन) यांनी पेप्सिनच्या ओल्या स्फटिकाचं छायाचित्र घेतलं, तेव्हा प्रथिनंही सुबक ठिपके देतात हे पहिल्यांदा सिद्ध झालं. ठिपक्यांपासून रेणूपर्यंत पोचायला मात्र आणखी दोन तपं लागली. जॉन केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये मायोग्लोबिनचं ढोबळ चित्र सहा ॲंगस्ट्रॉम रेझोल्यूशनला दिलं, आणि १९६० मध्ये दोन ॲंगस्ट्रॉमचं बारीक चित्र. (एक ॲंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) सहावरून दोनवर येताना स्फटिकागणिक मोजायच्या ठिपक्यांची संख्या सुमारे चारशेवरून दहा हजारांच्या घरात गेली. केंड्र्यू आणि हिमोग्लोबिनवाले माक्स पेरुट्झ यांना १९६२ चं नोबेल मिळालं.

प्रथिनाच्या स्फटिकात बरीच जागा पाण्यानं भरलेली असते, रेणू सैल बसलेले असतात, त्यामुळं बारीक तपशील देणारे दूरचे ठिपके फिके येतात किंवा येतच नाहीत. दुसरीकडं अणू हजारो. प्रत्येक अणूसाठी तीन अंक जागेचे आणि एक त्याच्या थरथरण्याचा. तीन ॲंगस्ट्रॉमच्या आसपास तर ठरवायच्या राशी आणि हाती असलेले ठिपके जवळजवळ बरोबरीत येतात, कधी राशीच जास्त होतात. गणिताच्या भाषेत, पुरावा संपतो आणि मोकळीक उरते.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात या मोकळीकीला आळा घालायचा एक मार्ग निघाला. अणूंमधली बंधनं किती लांब असतात, कोन किती असतात, हे लहान रेणूंवरून ठाऊक होतं. ते ज्ञान हिशेबात बांधून टाकणारे प्रोग्राम लिहिले गेले. संगणक वेगवान झाले, पडद्यावर रेणू फिरवत प्रथिनाची लांब साखळी बसवण्याची सोय झाली. १९८७ मध्ये ब्रुंगर, जॉन कुरियन आणि मार्टिन कार्प्लस यांनी आणखी एक जोरदार हत्यार दिलं. संगणकात रेणूला जणू तापवायचं, अणूंना मोठ्या उड्या मारू द्यायच्या आणि मग हळूहळू थंड करत ठिपक्यांशी जुळत्या जागी बसवायचं. माणसाचे कित्येक आठवड्यांचे कष्ट यामुळं वाचले. आर झपाट्यानं उतरू लागला, आणि चुकीच्या रचनांचाही उतरू लागला.

उलटी साखळी

१९८८ मध्ये रुबिस्को या प्रथिनाची एक रचना प्रसिद्ध झाली. हवेतला कार्बन डायॉक्साइड पकडून वनस्पतीच्या अन्नात रूपांतर करण्याचं काम रुबिस्को करतं, त्यामुळं या रचनेकडं सगळ्यांचं लक्ष होतं. त्यात लहान उपघटकाची साखळी तंबाखूच्या वनस्पतीतल्या प्रथिनावरून बसवली होती. स्वीडनमधल्या उप्सालाच्या गटानं पालकातलं रुबिस्को स्वतंत्रपणे सोडवलं आणि १९८९ मध्ये लिहिलं की तो उपघटक चुकीचा बसवला आहे, साखळी बऱ्याच भागात उलट्या दिशेनं गेली आहे. त्याच सुमाराला जिवाणूतल्या एका पिवळ्या, प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनाची रचना छापून आली. ती मुळातूनच चुकली होती हे १९९५ मध्ये, १.४ ॲंगस्ट्रॉमचा नवा डेटा मिळाल्यावर, त्याच प्रयोगशाळेनं स्वतः जाहीर केलं.

उप्सालाचे कार्ल ब्रेंडेन आणि ॲल्विन जोन्स यांनी १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये या चुकांचा पंचनामा केला. जोन्स हे पडद्यावर साखळी बसवायच्या सर्वाधिक वापरातल्या प्रोग्रामचे कर्ते, त्यामुळं चूक कुठं होते हे त्यांना आतून माहीत होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ठिपक्यांवरून काढलेल्या इलेक्ट्रॉनांच्या दाटीच्या धूसर नकाशात साखळी बसवणं हा निम्मा वस्तुनिष्ठ आणि निम्मा व्यक्तिनिष्ठ निर्णय आहे, आणि एकदा तो चुकला की शुद्धीकरणाचा प्रोग्राम ती चूक दुरुस्त करेलच असं नाही. तो चुकीलाच रंगसफेदी करून आर खाली आणू शकतो. ज्या आकड्यानं चूक पकडायची तोच आकडा कमी करणं हे प्रोग्रामचं उद्दिष्ट होतं. आरोपीच पंच झाला होता.

ब्रुंगर यांचा उतारा

चुका वेगानं रंगवणारं हत्यार ज्यांनी दिलं त्यांनीच उतारा शोधला, हे या इतिहासातलं विशेष. संख्याशास्त्रात एक जुनी पद्धत होती. नियम बसवायला काही निरीक्षणं वापरायची आणि तो नियम खरा आहे का हे उरलेल्यांवर पाहायचं. ब्रुंगर यांनी ती स्फटिकशास्त्रात आणली. पाच ते दहा टक्के ठिपके चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि बाजूला ठेवायचे. उरलेल्या ठिपक्यांवर शुद्धीकरण करायचं. शेवटी दोन आर मोजायचे, एक वापरलेल्या ठिपक्यांवर आणि एक राखून ठेवलेल्यांवर. दुसऱ्याचं नाव फ्री आर. अपेक्षित प्रश्नसंचातले प्रश्न घोकून आलेल्या मुलाला ते प्रश्न सुटतात, पण त्याला विषय कळलाय की नाही हे संचाबाहेरच्या प्रश्नावरच उघड होतं. फ्री आर हा तो संचाबाहेरचा प्रश्न. ब्रुंगर यांनी हेही दाखवलं की हरवलेल्या कलांचा अंदाज किती बरोबर आहे, याच्याशी फ्री आरचं नातं घट्ट आहे, नेहमीच्या आरचं तसं नाही.

लोकांना पटायला मात्र एक नाट्यमय प्रयोग लागला. तो उप्सालाच्याच गेरार्ड क्लायवेख्त आणि ॲल्विन जोन्स यांनी केला. अ-जीवनसत्त्वाशी नातं असलेल्या एका आम्लाला धरून ठेवणारं एक लहान प्रथिन त्यांनी घेतलं. त्याची खरी रचना त्यांना ठाऊक होती. साखळी त्यांनी मुद्दाम शेवटाकडून सुरुवातीकडं, म्हणजे पूर्ण उलटी बसवली आणि त्या वेळचे सगळे नेहमीचे डाव वापरून आर खाली आणत गेले. तो आला सुमारे २१ टक्क्यांवर. कोणत्याही संपादकानं तो आकडा विनातक्रार स्वीकारला असता. फ्री आर मात्र ६० टक्क्यांच्या वर राहिला. विल्सन यांनी भिरकावलेल्या अणूंसाठी काढलेला आकडा ५९ होता. राखून ठेवलेल्या ठिपक्यांच्या लेखी ही देखणी रचना आणि अणूंचा कचरा यांत काहीच फरक नव्हता.

या प्रयोगानंतर वाद जवळजवळ संपला. उरल्या त्या पळवाटा. काही स्फटिकांत एकच रेणू पुन्हा पुन्हा येतो, तिथं एक ठिपका दुसऱ्याचा जवळजवळ जुळा असतो. चिठ्ठ्या टाकून निवडलेला राखीव ठिपका मग खरा राखीव राहत नाही, त्याच्या जुळ्यामार्फत त्याची माहिती आत झिरपते. काही जण एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना राखीव संच नव्यानं निवडायचे, आणि आधी वापरलेले ठिपके आता ‘अस्पर्श’ म्हणून मिरवायचे. त्यामुळं एकदा निवडलेला संच शेवटपर्यंत, आणि त्याच प्रथिनाच्या पुढच्या स्फटिकांसाठीही, तोच ठेवायचा हा दंडक पडला.

दुसरा स्वतंत्र साक्षीदार मद्रासहून आला होता, तोही तीस वर्षं आधी. जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये दाखवलं की प्रथिनाच्या कण्यातले दोन कोन वाटेल ते असू शकत नाहीत. अणू एकमेकांवर आदळतात, म्हणून कोनांच्या नकाशावर काही प्रदेशच मोकळे राहतात. शुद्धीकरणाचे प्रोग्राम बंधनांची लांबी जुळवत, या दोन कोनांकडं मात्र सहसा पाहत नसत. म्हणूनच रचना चुकली की निषिद्ध प्रदेशात कोनांच्या खुणांची गर्दी व्हायची आणि रामचंद्रन नकाशा चुगली करायचा. पुढं काही प्रोग्रामांनी हे कोनही सक्तीनं मोकळ्या प्रदेशात ढकलायची सोय दिली. ती वापरली की नकाशा निर्मळ दिसतो, पण त्याची साक्ष तेवढ्यापुरती संपलेली असते.

मोजमापांचं माप

इथवरची गोष्ट मांडणी आणि मोजमापांमधल्या ताळ्याची. मुळात मोजमापंच किती चांगली आहेत, यालाही एक आकडा होता. स्फटिकाच्या सममितीमुळं एकच ठिपका अनेकदा मोजला जातो. त्या वेगवेगळ्या मोजणीत सरासरीपासून किती तफावत आहे, हे आर-मर्ज सांगायचा. तो लहान असेल तर डेटा चांगला, अशी दशकानुदशकांची समजूत.

१९९७ मध्ये काय डीडरिख्स आणि अँड्र्यू कार्प्लस यांनी तिच्यातला दोष समोर मांडला. ठिपका दोनदाच मोजला, तर सरासरी त्या दोघांच्या मधोमध पडते आणि तफावत आपोआप कमी दिसते. गणितानं हा आकडा खऱ्या तफावतीच्या सुमारे ७१ टक्के येतो. दहादा मोजलं तर ९५ टक्के. म्हणजे जास्त कष्ट करून जास्त वेळा मोजणाऱ्याचा आर-मर्ज वाईट दिसायचा आणि थोडक्यात आटपणाऱ्याचा चांगला, प्रत्यक्षात सरासरी मात्र कष्ट करणाऱ्याचीच अधिक भरवशाची. त्यांनी मोजणीच्या संख्येनुसार दुरुस्त केलेला आर सुचवला. त्याच सुमाराला मानफ्रेड वाइस आणि रॉल्फ हिल्गनफेल्ड यांनीही ही दुरुस्ती मांडली, आणि वाइस यांनी पुढं सरासरीचीच अचूकता सांगणारा आकडा प्रचारात आणला. तरी जुनी सवय सुटायला फार वेळ लागला. आर-मर्ज अमुक टक्क्यांच्या वर गेला की त्यापलीकडचे फिके ठिपके टाकून द्यायचे, ही रीत चालूच राहिली.

दोन धक्के

डिसेंबर २००६ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात एक पत्र छापून आलं. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेचे जेफ्री चँग यांनी आपले शोधनिबंध मागं घेत असल्याचं त्यात जाहीर केलं. अखेर एकंदर पाच निबंध मागं घेतले गेले. पेशीच्या आवरणातून औषधं बाहेर फेकणाऱ्या पंपांच्या या रचना होत्या आणि २००१ पासून शेकडो संशोधकांनी त्यांचा आधार घेतला होता. झुरिचमधल्या रॉजर डॉसन आणि कास्पर लोखर यांनी तशाच एका पंपाची रचना प्रसिद्ध केली, आणि ती चँग यांच्या रचनेशी कुठंच जुळेना. शोध घेता कारण सापडलं: प्रयोगशाळेत वापरात असलेल्या एका प्रोग्रामनं डेटाचे दोन स्तंभ अदलाबदल केले होते, त्यामुळं रेणूचा डावा-उजवा हात बदलला आणि त्यावरून पुढची सगळी बांधणी चुकली. पत्रात चँग यांनी प्रांजळपणे हेही लिहिलं की शुद्धीकरणात एकाच वेळी रेणूच्या अनेक प्रती वापरल्यामुळं चुकीच्या रचनांचेही आकडे चालण्याजोगे आले. जिथं रेझोल्यूशन फार ढोबळ असतं, तिथं फ्री आर किंचित चढा असला तरी लोक ‘एवढं चालायचंच’ म्हणतात. पहारेकरी जागा होता, पण त्याची हाक कुणी गंभीरपणे घेतली नाही.

दुसरा धक्का वेगळ्या जातीचा. रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या सी-थ्री-बी या प्रथिनाची २००६ मध्ये आलेली एक रचना पाहून बर्ट यान्सन, रँडी रीड, ब्रुंगर आणि पीट ग्रॉस यांनी २००७ मध्ये ‘नेचर’ला लिहिलं की यातल्या डेटात काहीतरी विचित्र आहे. खऱ्या स्फटिकात रेणूंच्या मधल्या पाण्याची खूण ठिपक्यांत हमखास उमटते, ती इथं नव्हती. स्फटिकातले काही थर एकमेकांना टेकतच नव्हते, मग स्फटिक उभा कसा? अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम शाखेनं चौकशी केली आणि २००९ मध्ये जाहीर केलं की त्या प्रयोगशाळेतून आलेल्या दहाहून अधिक रचना बनावट असण्याची दाट शक्यता आहे. इथं ताळा जमला होता, कारण मोजमापंच मांडणीवरून बेतलेली होती. फ्री आर अतिउत्साही संशोधकाला आवरतो, लबाडाला नाही.

लबाडी पकडली गेली ती मूळ ठिपक्यांचा डेटा इतरांना पाहायला मिळाला म्हणून. फेब्रुवारी २००८ पासून प्रोटीन डेटा बँकेनं क्ष-किरणी रचनेसोबत हा डेटा जमा करणं सक्तीचं केलं. तज्ज्ञांची एक समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०११ मध्ये आला, आणि त्यातून आज प्रत्येक रचनेला जोडून येणारा तपासणी अहवाल आकाराला आला.

अर्ध्याची साक्ष अर्ध्याला

२०१२ मध्ये कार्प्लस आणि डीडरिख्स पुन्हा पुढं आले, यावेळी ‘सायन्स’मध्ये. त्यांचा मुद्दा मुळाला हात घालणारा होता. ठिपके फिके होत गेले की आर-मर्जच्या छेदातली रक्कम शून्याकडं जाते आणि आकडा बेसुमार फुगतो. मांडणीच्या आरचं तसं होत नाही, त्याला वरची मर्यादा आहे. म्हणजे डेटाचा आर आणि मांडणीचा आर एकाच नावाचे असले तरी एका मापाचे नव्हते, आणि पहिल्याचा आधार घेऊन डेटा कुठं कापायचा हे ठरवणं निराधार होतं.

त्यांनी सुचवलेली कसोटी साधी होती. मोजण्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन समान गट करायचे, प्रत्येक गटाची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा सहसंबंध पाहायचा. याचं नाव सीसी-हाफ. पूर्ण जुळलं तर एक, काहीच नातं नसेल तर शून्य. या आकड्यावरून आणखी एक अंदाज गणितानं काढता येतो: आपला पूर्ण डेटा, कधीच मोजता न येणाऱ्या निखळ सत्याशी किती जुळतो. सीसी-हाफ ०.१४ एवढा क्षीण असला, तरी सत्याशी सहसंबंध ०.५ च्या घरात निघतो, म्हणजे त्या ठिपक्यांत दखल घेण्याजोगी माहिती उरलेली असते. आणि मांडणीचा डेटाशी सहसंबंध या अंदाजापेक्षा वर गेला, तर मांडणी सत्याऐवजी गोंगाटाशी जुळवून घेत आहे हे उघड होतं. डेटा आणि मांडणी पहिल्यांदाच एका पट्टीवर आली. एका विकराच्या उदाहरणावर त्यांनी दाखवून दिलं की जुन्या निकषांनी टाकून दिले गेले असते ते १.४२ ॲंगस्ट्रॉमपर्यंतचे ठिपके वापरले, तर मांडणी खरोखर सुधारते. कित्येक वर्षं शास्त्रज्ञ चांगला दिसणारा आकडा मिळवण्यासाठी कामाची माहिती फेकून देत होते.

हाच विचार शेजारच्या क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीतही रुजला. तिथं प्रतिमांचे दोन गट सुरुवातीपासून वेगळे ठेवून, दोन नकाशे एकमेकांना न दाखवता तयार करायचे आणि शेवटी ताडून पाहायचे, ही रीत आता सर्वमान्य आहे.

निष्पत्ती

या सगळ्याचा हिशेब मांडला तर जमेची बाजू मोठी आहे. सात रचनांनी सुरू झालेल्या डेटा बँकेनं २०२३ मध्ये दोन लाखांचा टप्पा ओलांडला. अल्फाफोल्ड ही संगणकीय प्रणाली, जिच्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला, ती याच संग्रहावर शिकली. त्यात उलट्या साखळ्या सर्रास असत्या, तर ती शिकवणीही उलटीच झाली असती. नव्या औषधांच्या आखणीपासून लशींपर्यंत अनेक कामं या रचनांवर उभी आहेत.

उणी बाजूही आहे. फ्री आर हा संपूर्ण रेणूचा सरासरी आकडा आहे. औषधाचा एखादा रेणू प्रथिनाच्या खाचेत खरंच बसलाय की शास्त्रज्ञाच्या इच्छेनं बसवलाय, हे तो सांगत नाही. त्यासाठी तेवढ्या जागेचा नकाशा उघडून पाहावा लागतो. आणि कोणताही आकडा प्रसिद्धीची अट बनला की तो गाठायच्या युक्त्या निघतात, हे आरनं, आर-मर्जनं आणि रामचंद्रन नकाशानंही दाखवून दिलं आहे. ऐंशी-नव्वद वर्षांच्या या धडपडीतून ठरलेली गोष्ट एकच: ज्या पुराव्याला मांडणी करणाऱ्याचा हात लागलेला नाही, त्याचीच साक्ष ग्राह्य.

वाचकांसाठी एक सूचना. वर्तमानपत्रात किंवा पाठ्यपुस्तकात रंगीत फितींचा एखादा प्रथिनरेणू दिसला, तर तो फोटो नाही, एक मांडणी आहे, हे लक्षात ठेवा. प्रोटीन डेटा बँकेत त्या रचनेचं पान कुणालाही विनामूल्य उघडता येतं. तिथं रेझोल्यूशन, आर, फ्री आर आणि तपासणी अहवाल शेजारी शेजारी दिलेले असतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी ते चित्र वर्गात दाखवण्याआधी या चार गोष्टी वाचाव्यात, आणि आर व फ्री आर यांच्यातलं अंतर मोठं असेल तर ते का, हा प्रश्न मोकळेपणानं विचारावा.